एस्प्रेसो : नाव एक, पेले तीन

थंडीतल्या लग्नसराईत इंदूर, देवास, ग्वाल्हेर किंवा बडोदा येथील मांडवात जेवणाच्या टेबलांपलीकडे एक चकचकीत यंत्र मांडलेले असते. उभट पोलादी टाकी, तिच्या पोटाखाली गॅसची शेगडी, वर दाब दाखविणारी तबकडी आणि अंगातून बाहेर आलेल्या एक-दोन तोट्या. यंत्राशी उभा असलेला माणूस साखर व तयार कॉफीची पूड एकत्र घोटतो, त्यावर दूध ओततो आणि भांडे तोटीखाली धरून वाफ सोडतो. मोठा फुसफुसाट होतो, दूध फेसाळून वर चढते, कपात ओतल्यावर त्यावर चॉकलेटची भुकटी भुरभुरली जाते. या पेयाला गेली कित्येक दशके आपण ‘एक्स्प्रेसो कॉफी’ म्हणत आलो आहोत. या सर्व खटाटोपात कॉफीची एकही बी दळली जात नाही आणि यंत्रातील पाण्याचा एक थेंबही कॉफीतून जात नाही, हे आपल्या कधी ध्यानात आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. पेय गोड होते, ऊन होते आणि माघातील रात्री हात शेकायला चांगले होते.

अडचण उभी राहिली ती नव्या धाटणीची कॉफीगृहे आपल्या शहरांत आल्यावर. मांडवातील कॉफीवर वाढलेला माणूस तेथे जातो, दरपत्रकातील ओळखीचे नाव पाहून ‘एस्प्रेसो’ मागवितो आणि त्याच्यापुढे बाहुलीच्या भातुकलीत शोभेलशा पेल्यात दोन घोट काळा, कडू अर्क येतो. हे इतक्या वेळा घडले आहे की, फळीमागचा मुलगा हल्ली आधीच विचारतो, “काका, ती कडू असते, दूध नसते, चालेल ना?” बरोबरची नातवंडे हसतात. वडीलधारा माणूस ओशाळतो आणि पुढच्या वेळी चहा मागवितो.

यातून दोन प्रश्न निघतात. पहिला असा की, या शब्दावर खरा हक्क कोणाचा, मांडवातल्या पेल्याचा की भातुकलीतल्या? दुसरा प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे. नावाने अचूक असलेला तो लहान पेलाही आपल्या गावांत चवीला चांगला असा क्वचितच का मिळतो? दोहोंची उत्तरे इतिहासात आहेत आणि त्यासाठी प्रथम उत्तर इटलीत जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील शहरांत कॉफीगृहे गजबजलेली होती. पण कॉफी तयार होण्यास काही मिनिटे लागत आणि गिऱ्हाईक तिष्ठत बसे. तुरीन येथील हॉटेलमालक आंजेलो मोरिओन्दो याने १८८४ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे एकाधिकारपत्र घेतले आणि त्याच वर्षीच्या तुरीनच्या प्रदर्शनात ते यंत्र मांडले. हे यंत्र एकदम पुष्कळ कॉफी काढून ठेवणारे होते. मोरिओन्दोने ते स्वतःच्या धंद्यापुरतेच वापरले, बाजारात आणले नाही. त्यामुळे त्याचे नाव मागे पडले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या यंत्रात दांड्याच्या लहानशा गाळणीत एका माणसापुरती दळलेली कॉफी भरायची, ती गाळणी यंत्राला अडकवायची आणि वाफेच्या जोराने पाणी तीतून थेट पेल्यात उतरवायचे, अशी योजना होती. बेझेराकडे कल्पना होती, भांडवल नव्हते. ते हक्क देझिदेरिओ पाव्होनी याने विकत घेतले, १९०५ पासून ‘इदेआले’ नावाने यंत्रे बनविण्यास आरंभ केला आणि १९०६ च्या मिलानच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ‘काफ्फे एस्प्रेसो’ लोकांपुढे आली.

‘एस्प्रेसो’ या इटालियन शब्दात तीन अर्थांच्या छटा आहेत. दाबून काढलेला हा एक. मागणी होताच खास त्या माणसासाठी केलेला हा दुसरा. आणि वेगवान हा तिसरा. तिसरी छटा त्या काळाला फार प्रिय होती. १९२२ मध्ये लेओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकाराने ‘व्हिक्तोरिया आर्दुइनो’ या यंत्राकरिता केलेले भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. त्यात धावत्या आगगाडीच्या डब्यातून बाहेर झुकलेला एक माणूस यंत्रातून कॉफीचा पेला भरून घेताना दाखविला आहे. आगगाडी वाफेची आणि कॉफीही वाफेची! आपल्याकडील जुन्या पिढीने ‘एस्प्रेसो’चे ‘एक्स्प्रेसो’ केले, याला उच्चारातील चूक म्हणून हसणाऱ्यांनी हे चित्र एकदा पाहावे. मेल-एक्स्प्रेसच्या देशात त्या शब्दाने तेच रूप घेतले, जे त्याच्या जन्मभूमीत चित्रकाराने रंगवून दाखविले होते.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. १९०६ च्या त्या पेल्यात जे होते, ते आज एस्प्रेसो म्हणून मिळणाऱ्या पेयाहून बरेच निराळे होते. वाफेने मिळणारा दाब वातावरणाच्या दीड-दोन पटींपलीकडे जात नसे. पाणी उकळत्याच्या जवळ असे, वाफही कॉफीला लागे आणि पेय काळे, पातळ व करपट उतरे. त्यावर फेसाचा थर म्हणण्यासारखा नसे. वेग आणि मागणीबरहुकूम ताजेपणा ही त्याची मातब्बरी, चवीची नव्हे.

चवीची मातब्बरी आणली ती मिलानमधीलच आकिल्ले गाज्जिया या कॉफीगृहाच्या मालकाने. वाफ कॉफीला जाळते हे तो रोज पाहत होता. १९३८ मध्ये त्याने वाफेविना चालणाऱ्या उपकरणाचे पहिले एकाधिकारपत्र घेतले. मध्ये महायुद्ध आले. युद्धानंतर, १९४७-४८ मध्ये, तरफ आणि स्प्रिंग असलेले यंत्र त्याने सिद्ध केले. माणसाने लांब दांडा खाली ओढायचा, म्हणजे आतली स्प्रिंग आवळली जाते आणि नळकांड्यात टाकीतले ऊन पाणी शिरते. दांडा सोडला की स्प्रिंग दट्ट्यास खाली रेटते आणि पाणी वातावरणाच्या आठ-दहा पट दाबाने कॉफीतून पार होते. नळकांड्यात मावेल तेवढेच पाणी, म्हणून पेलाही तेवढाच. आज ज्या चिमुकल्या पेल्याला आपण हसतो, त्याचे माप कोणा रसिकाने ठरविलेले नाही. ते त्या नळकांड्याने ठरविले.

या दाबाखाली एक नवीच गोष्ट घडली. ताज्या भाजलेल्या बियांत कोंडलेला वायू आणि त्यांतील तेलकट अंश पाण्यात मिसळून पेल्यावर तांबूस-बदामी रंगाचा दाट थर आला. गिऱ्हाइकांनी नाक मुरडले; हा मळ कसला, असे विचारणारे निघाले. गाज्जियाने त्या मळालाच जाहिरातीचा विषय केला आणि तिला ‘क्रेमा काफ्फे’, म्हणजे सायीची कॉफी, म्हटले. ज्या वस्तूवर आक्षेप तिचेच कौतुक करून ती खपविण्याचे कसब व्यापाऱ्याला असावे लागते, ते त्याच्यापाशी होते. पुढे १९६१ मध्ये ‘फाएमा’ कंपनीच्या ‘ई ६१’ या यंत्रात दांडा ओढण्याचे काम विजेच्या पंपाकडे गेले आणि दाब वातावरणाच्या नऊपटींवर स्थिर झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत झालेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून यंत्राचे नाव ठेवले होते. तेव्हापासून आजपर्यंत एस्प्रेसोचे गणित फारसे हललेले नाही. सुमारे सात ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, नव्वद अंशांच्या आसपासचे पाणी, नऊपट दाब, पंचवीस सेकंद आणि पंचवीस मिलिलिटरचा पेला, हे प्रमाण इटलीतील एस्प्रेसोच्या संस्थेने लिहूनच ठेवले आहे.

असे असेल तर यंत्र विकत घ्यावे, प्रमाण पाळावे आणि उत्तम एस्प्रेसो मिळावी. तसे होत नाही. इटलीच्या इतिहासातील एक कमी सांगितली जाणारी बाजू येथे कामी येते. १९११ मध्ये तेथील नगरपालिकांना जीवनावश्यक वस्तूंचे कमाल दर बांधून देण्याचा अधिकार मिळाला आणि गावोगाव कॉफीच्या पेल्याचा दर बांधला गेला. हा दर फळीशी उभ्याने पिणाऱ्यासाठी होता. बसून, वाढून घेणाऱ्याचा आकार वेगळा. परिणामी सामान्य इटालियन माणूस उभ्याने पिऊ लागला. कामावर जाताना आत शिरायचे, “एक काफ्फे” म्हणायचे, साखर ढवळून तीन घोटांत पेला रिकामा करायचा आणि चालू लागायचे. ‘एस्प्रेसो’ हा शब्ददेखील तेथे सहसा उच्चारावा लागत नाही; नुसत्या कॉफीचा अर्थच तो. सरकारी बंधन पुढे सुटले, पण सवय राहिली. आजही तेथे फळीशी हा पेला साधारण सव्वा युरोच्या आसपास मिळतो.

या सवयीने काय साधले, हे इंदूरकरांना सांगणे न लगे. आपल्या गावी सकाळच्या ठेल्यावरील पोहे चांगले का असतात? खाली पाणी उकळत असते, परातीतले पोहे वाफेवर मऊ राहतात, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की, परात अर्ध्या तासात संपते आणि नवी लागते. गिऱ्हाईक उभे, दर सगळ्यांना परवडणारा आणि चव बिघडली तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेजारच्या ठेल्यावर. इटलीतील कॉफीगृहाचे गणित हेच आहे. बियांचे पुडके एका दिवसात फस्त होते, म्हणून शिळी कॉफी राहतच नाही. यंत्रावरचा माणूस दिवसाला शेकडो पेले काढतो, म्हणून दळण किंचित भरड झाल्याचे त्याला धार पाहूनच कळते. पाचशे शेजारी ज्याचा रोज निवाडा करतात, तो पदार्थ वाईट राहू शकत नाही.

एस्प्रेसो इटलीबाहेर पडली ती गाज्जियाच्या यंत्राबरोबर. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘मोका बार’ उघडला. उद्घाटनास नटी जिना लोलोब्रिजिदा आली होती. तरुण पिढी अशा ठिकाणी लोटली, पण ती मुख्यतः दुधाळ, फेसाळ कॉफीसाठी. काळा अर्क मूळ गिऱ्हाइकाविना परदेशी पोरका झाला आणि यंत्राच्या अंगची दूध तापविण्याची वाफेची नळी मात्र सर्वत्र लोकप्रिय झाली. आपल्याकडे याच प्रक्रियेचे टोक गाठले गेले. मूळ यंत्रातून गाळणी गेली, दट्ट्या गेला, दळण गेले. उरली टाकी आणि वाफेची नळी. ज्या देशात घरोघरी दूध उकळूनच कॉफी होत असे आणि महागडे परदेशी यंत्र आणणे दुरापास्त होते, तेथे कारागिरांनी आपल्याला उपयोगी तेवढा भाग ठेवला व उरलेल्या भागाची उणीव डब्यातील विरघळणाऱ्या कॉफीने भरून काढली.

घरच्या कॉफीचा प्रश्न आला म्हणून सांगतो. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला बुंद किंवा बुंददाणा म्हणत, इतकी ती वस्तू परिचयाची होती. पण दक्षिणेकडील कुटुंबांप्रमाणे रोजची नव्हती. आपल्या घरांत कॉफी पाहुण्यांसाठी, उपासाला किंवा जागरणाच्या रात्री होई. दुधात पूड व साखर घालून उकळी आणायची, वर जायफळ किसायचे, वेलदोडा टाकायचा. त्या पुडीत बहुधा चिकोरी मिसळलेली असे. आणंदच्या लोण्यामुळे बडोदेकरांना ठाऊक असलेल्या पॉलसन कंपनीचा मूळ धंदा कॉफीचा होता, हे आता थोड्यांनाच आठवत असेल. जायफळाच्या त्या कॉफीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्यात बीच्या जातीला किंवा भाजण्याच्या कसबाला वाव नव्हता. जायफळाने सारे झाकले जाई.

आणि चांगली बी आपल्यापर्यंत येत तरी कोठे होती? १९३०च्या दशकात मंदीने मळेवाल्यांची कंबर मोडली, तेव्हा खप वाढविण्यासाठी कॉफीचा उपकर आणि समिती आली. त्यातूनच १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस निघाले. १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळास अधिकार मिळाले आणि प्रत्येक मळेवाल्याने आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावा, असे ठरले. सर्वांचा माल एकत्र, दर प्रतवारीप्रमाणे. भाव कोसळण्यापासून लहान शेतकरी वाचला हे निःसंशय. परंतु अमुक मळ्याची कॉफी अमुक चवीची, हा विचारच संपला. मळेवाल्याला पिणारा दिसेना आणि पिणाऱ्याला मळा. १९५७ मध्ये मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास आरंभ केला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालविली. जबलपूरच्या संस्थेची कॉफी हाऊस मध्य प्रदेशातील आपल्या वाचकांना परिचित आहेतच. त्या फेटेधारी वाढप्यांनी तीन पिढ्यांना स्वस्त आणि प्रामाणिक कॉफी पाजली. पण ती गाळून काढलेली, एस्प्रेसो नव्हे. बेळगाव आणि हैदराबाद येथील मंडळींची सोय तर दक्षिणी उपाहारगृहांनी केली होती. तेथेही पोह्यांचाच नियम लागू आहे : गर्दी, उभे गिऱ्हाईक, थोडके दाम आणि ताजा अर्क.

सामाईक साठ्याची पद्धत १९९२ पासून टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि १९९६ मध्ये संपली. त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले, चालविणारे व्ही. जी. सिद्धार्थ स्वतः चिकमगळूरचे मळेवाले होते. २००० मध्ये ‘बॅरिस्टा’ आली, २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला टाटांच्या भागीदारीत ‘स्टारबक्स’. त्यानंतरच्या वर्षांत स्वतः बी भाजणारी लहान-मोठी दुकाने निघाली व त्यांनी पुडक्यांवर मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापण्यास सुरुवात केली. माझ्या मते, या सर्व काळातील खरी सुधारणा कोणती म्हणाल तर ती तारीख. यंत्रांपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

गंमत अशी की, एस्प्रेसोची बी आपल्याला परकी मुळीच नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी निम्म्याहून बरीच अधिक परदेशी जाते आणि तिचा सर्वांत मोठा खरेदीदार देश इटली आहे. आपल्याकडील धुतलेली रोबस्टा तेथे मिश्रणात घालतात, कारण तिने पेल्यावरील साय दाट आणि टिकाऊ होते. किनाऱ्यावर पावसाळी हवा खाऊन फुगलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ही तिकडे याच कामासाठी जाते. मिलानच्या फळीशी उभा राहणारा माणूस कूर्ग-चिकमगळूरचा एखादा अंश रोज पीत असतो.

म्हणजे बी आपली, यंत्रे आलेली, शिकलेली मुलेही आहेत. तरी पेला फसतो. कारण आपल्या कॉफीगृहात नुसती एस्प्रेसो मागविणारे थोडके. ती तेथे दुधाखाली घालण्याचा अर्क म्हणूनच काढली जाते. वर वाटीभर दूध, साखर, कधी आइस्क्रीम. अर्क करपला काय किंवा पाणचट उतरला काय, तक्रार येत नाही. दुकानदार दोन तासांच्या बैठकीची जागा विकतो, म्हणून दर दीडशे-दोनशेच्या घरात आणि त्या दराने रोज सकाळी कोण पिणार? रोज पिणारा नाही, म्हणून परीक्षक नाही. बी नळकांड्यात चार दिवस पडून राहते. दमट हवेच्या दिवशी दळण बदलायला हवे, ते कोणी बदलत नाही.

ज्याला आपल्या गावात चांगला पेला शोधायचा असेल, त्याने पाटीवरील इटालियन नावांकडे पाहू नये. बी कधी भाजली ते विचारावे. तारीख महिन्याच्या आतली असावी. दळण मागणीनंतर होते की आधीच दळलेली पूड डब्यातून घेतात, ते पाहावे. गाळणी लावण्यापूर्वी माणूस यंत्रातून थोडे पाणी सोडून देतो का आणि गाळणी कोरडी पुसतो का, याकडे लक्ष असावे. धार मधासारखी सलग पडते की नळासारखी, हे उभ्या उभ्या दिसते. पंधरा सेकंदांत पेला भरला तर तो आंबट आणि पातळ. पाऊण मिनिट लागले तर जळका. साय पांढुरकी असून लगेच विरली तर बी शिळी. हे सारे पाहून झाल्यावर त्याच दुकानी पुन्हा जावे, तोच पेला मागवावा आणि बिघडला असेल तर सौम्य शब्दांत सांगावे. अशी चार माणसे एका दुकानाला लाभली की फळीमागचा मुलगा सकाळी पहिला पेला स्वतः चाखून दळण लावू लागतो. काही ठिकाणी असे झालेले पाहण्यात आहे.

राहिला शब्दाचा वाद. १९०६ ची एस्प्रेसो वाफेची होती, १९४८ ची दाबाची, आपली मांडवातली पुन्हा वाफेची, फक्त ती वाफ कॉफीऐवजी दुधातून जाते. इटालियनांनी स्वतः एकदा पेय बदलून नाव तेच ठेवले. आपण दुसऱ्यांदा तेच केले. तेव्हा काकांनी ओशाळू नये आणि नातवंडांनी हसू नये. फक्त दरपत्रक वाचताना इतके स्मरणात असावे की, मांडवातल्या पेल्याशी जुळणारी वस्तू तेथे ‘कापुचिनो’ या नावाखाली मिळते. फळीशी उभ्याने पिण्याची सोय मात्र या दुकानांत बहुधा नसते. खुर्ची घ्यावी लागते आणि तिचे भाडे पेल्याच्या किमतीत धरलेलेच असते.